मेक्सिकोचा अस्सल नाट्यपट: फिगेरोआच्या आभाळाखाली की गालिंदोच्या घरात?

माजघर

मेक्सिकन सिनेमाचा सुवर्णकाळ म्हटलं की तीच चित्रं समोर येतात: काळंभोर आभाळ, पांढरेशुभ्र ढग, घायपातीची रांग आणि डोक्यावरून शाल घेतलेली बाई. दिग्दर्शक एमिलिओ फर्नांडेस, कॅमेऱ्यावर गाब्रिएल फिगेरोआ, लेखक माऊरिसिओ माग्दालेनो, पडद्यावर दोलोरेस देल रिओ आणि पेद्रो आर्मेंदारिस. या संचाच्या 'मारिया कांदेलारिया'ला १९४६ साली कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्या वर्षी ते अकरा चित्रपटांना विभागून दिलं होतं आणि चेतन आनंद यांचा 'नीचा नगर' त्यांतलाच एक. तेव्हापासून जगाने मेक्सिको म्हणजे हेच आभाळ असं धरलं. नवख्या प्रेक्षकालाही आपण तिथूनच सुरुवात करायला सांगतो. माझ्या मते ते चुकतं.

नाट्य घडायचं तर पात्राला निवड करावी लागते. 'मारिया कांदेलारिया'त मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांवरचं ते जोडपं काय निवडतं? लग्नासाठी राखलेलं डुकराचं पिल्लू दुकानदार दोन दामियान गोळी घालून मारतो. मारियाला हिवताप होतो, लोरेंसो राफाएल क्विनाइन चोरतो, तुरुंगात जातो. चित्रकार मारियाचा चेहरा रंगवतो, उघडं शरीर दुसरीचं, आणि गाव तिला दगडांनी ठेचून मारतं. एकावर एक संकटं कोसळतात आणि सुंदर माणसं ती सोसतात. करुण आहे, मान्य. पण मारिया चित्रात जितकी गप्प, तितकीच चित्रपटात.

आता आलेहांद्रो गालिंदोचा 'उना फामिलिया दे तांतास' घ्या (१९४९ला प्रदर्शित). मेक्सिको सिटीतलं मध्यमवर्गीय घर, बाप रोद्रिगो कातान्यो म्हणजे फेर्नांदो सोलेर. घरात व्हॅक्यूम क्लीनर विकणारा तरुण येतो. एवढंच घडतं आणि तेवढ्याने घर हादरतं. थोरल्या एस्तेलाला बापाने मारलंय, ती घर सोडून गेलीय. धाकटी मारू पंधरा वर्षांची होते, तिचं लग्न बापाने नात्यातल्या मुलाशी योजलेलं. ती विक्रेत्याशी लग्न करायचं ठरवते आणि बापाच्या आशीर्वादाशिवाय नवरीच्या वेशात उंबरा ओलांडते. बाप खलनायक नाही. त्याला मुली मनापासून प्रिय आहेत, म्हणून तर त्याचा हट्ट मोडत नाही. सोलेर आवाज न चढवता नुसत्या बसण्यातून हे दाखवतो. यात आभाळ दिसतं तरी का? गरजच नाही.

लाल फिल्टर

असहमत. आभाळ म्हणजे सजावट हा समज फिगेरोआचं काम नीट न पाहिल्याने होतो.

आधी ते होतं कसं ते पाहू. पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग टिपणाऱ्या कृष्णधवल फिल्मवर लाल फिल्टर लावला की निळा प्रकाश अडतो, आभाळ गडद होतं, ढग उठून दिसतात. गडद लाल फिल्टरला, म्हणजे २५ नंबरच्या, प्रकाश आठपट लागतो, म्हणजे भिंगाची उघडीप तीन पायऱ्या (स्टॉप) वाढवावी लागते. हा सोपा भाग. अवघड पुढे आहे. उन्हातल्या सावलीत जो प्रकाश असतो तो बहुतांशी निळ्या आभाळाचा. फिल्टर तोही खातो. म्हणजे सोम्ब्रेरोच्या, त्या रुंद मेक्सिकन टोपीच्या, काठाखालचा चेहरा काळाठिक्कर, आणि उन्हातली सावळी त्वचा नि ओठ मात्र उजळ आणि फिकट. रिफ्लेक्टरने चेहरा भरून काढला नाही तर डोळेच हरवतात. जास्त भरला तर चेहरा कापून चिकटवल्यासारखा दिसतो. शिवाय हवेत धूळ किंवा धुकं असलं की फिल्टर निकामी, कारण क्षितिजाजवळचं आभाळ मुळात निळं नसतंच. पावसाने हवा धुऊन निघाली की काम जमतं. या सगळ्यातून आर्मेंदारिसचे डोळे प्रत्येक शॉटमध्ये जिवंत राहतात, याला सजावट म्हणायचं?

दुसरं, तो कॅमेरा जमिनीलगत ठेवायचा. क्षितिज खाली, माणूस आभाळावर कोरलेला. चित्रकार डॉक्टर आत्ल यांच्या वक्र क्षितिजाच्या कल्पनेचं ऋण तो उघड मानायचा. शिक्षण हॉलिवूडमध्ये छायालेखक ग्रेग टोलंडच्या हाताखालचं, त्यामुळे पुढचा चेहरा आणि मागचा डोंगर दोन्ही धारदार. फर्नांडेसच्या चित्रपटात शेतमजूर जमीनदाराहून उंच दिसतो तो याच रचनेमुळे. ही बाजू घेणं आहे, तीही संवादाविना.

आणि घराच्या आतलं हवं असेल तर 'एनामोरादा' (१९४६) आहेच. रात्री खिडकीखाली गाणं चालू आहे, आत मारिया फेलिक्स झोपेत. कॅमेरा इतका जवळ की पडदाभर फक्त डोळे. ते उघडतात. तिच्या बेआत्रिसने क्रांतिकारी फौजेच्या सरदाराला अजून होकार दिलेला नाही, पण निर्णय त्या क्षणी झालेला कळतो. तुम्हाला निवड हवी होती ना?

चौकट

माजघर, तुमचा निष्कर्ष मला पटतो, पण पुरावा अजून दहा-पंधरा वर्षं मागे शोधा. फेर्नांदो दे फुएंतेस, 'एल कोम्पाद्रे मेंदोसा', १९३४.

रोसालिओ मेंदोसा हा हासिएंदाचा, म्हणजे मोठ्या जमीनदारी वाड्या-शेतीचा मालक. मेक्सिकन क्रांतीच्या धामधुमीत त्याच्या दारात आज सापातावादी, म्हणजे शेतकरी नेता सापाताचे बंडखोर येतात, उद्या सरकारी फौज. आलेल्या तुकडीच्या नेत्याची तसबीर भिंतीवर लावायची, दुसऱ्याची काढायची, जेवायला बसवायचं. सुरुवातीला हसू येतं. मग सापातावादी जनरल नियेतो त्याचा जीव वाचवतो, मित्र होतो, मुलाचा धर्मपिता होतो. पुढे पैसा आटतो आणि मेंदोसाला पळून जायला रक्कम हवी असते. किंमत ठरते नियेतोचा जीव. तो ती देतो. तसबीर बदलणारा हात आणि मित्राला विकणारा हात एकच, हे कुणी बोलून दाखवत नाही.

गंमत बघा: ही मूळ कथा माऊरिसिओ माग्दालेनोची. तोच पुढे फर्नांडेसचा लेखक. लेखणी तीच, मग 'रिओ एस्कोंदिदो'मध्ये (१९४८) काय होतं? राष्ट्राध्यक्ष स्वतः मास्तरणीला खेड्यात पाठवतो, राष्ट्रीय प्रासादातली चित्रकार दिएगो रिवेराची भित्तिचित्रं आणि घंटा बोलू लागतात, आणि शेवटी राष्ट्राध्यक्षांचं पत्र येतं. भिंतीवरची तसबीर आता पक्की ठोकलीय. दे फुएंतेसला क्रांतीबद्दल शंका होती, फर्नांडेसला श्रद्धा. नाट्य शंकेतून येतं.

लाल फिल्टर

'रिओ एस्कोंदिदो'चं भाषण जड होतं, कबूल. पण लिओपोल्दो मेंदेसची लिनोकटं, म्हणजे लिनोलियमवर कोरून छापलेली चित्रं, श्रेयनामावलीत आहेत आणि पुढची पाण्याची, माराची दृश्यं त्याच कोरीव रेषेत घेतलीत. तेवढ्यासाठीही तो पाहावा.

आणि फर्नांडेसला फक्त श्रद्धा होती म्हणता, तर 'पुएब्लेरिना'चं (१९४९) काय? लग्नाची टेबलं मांडलीत, ताटं आहेत, वादक आहेत, आणि गावातल्या गोन्सालेस भावांच्या धाकाने एकही पाहुणा येत नाही. कोलुम्बा दोमिंगेस आणि रोबेर्तो कान्येदो दोघंच नाचतात. भाषण नाही, राष्ट्राध्यक्ष नाही. कॅमेरा त्या रिकाम्या जागेला घाईने कापत नाही. हे माजघरांच्या व्याख्येतही बसतं: भीती वाटत असूनही नाचायचं हा निर्णय आहे.

चिनाम्पा

दोघांनाही एक प्रश्न. चाळिशीला टेकलेली, हॉलिवूडची तारका असलेली दोलोरेस देल रिओ अनवाणी आदिवासी मुलगी होते, आणि आपण फिल्टरवर बोलतोय? गालिंदोच्या घरात तर आदिवासी प्रश्नच नाही. दिग्दर्शिका मातिल्दे लांदेताच्या 'ला नेग्रा आंगुस्तियास'मध्येही (१९५०) कृष्णवर्णीय कर्नल बाईची भूमिका मारिया एलेना मार्केसने रंग फासून केली. हा दोष कुणा एका दिग्दर्शकाचा नाही, तारका-पद्धतीचा आहे. तो मांडल्याशिवाय 'अस्सल' हा शब्द वापरू नये.

निगेटिव्ह

चिनाम्पांचा मुद्दा रास्त आहे. तो पुढे नेला की पैशापाशी पोचतो, आणि पैशाचं वर कुणीच बोललेलं नाही.

दे फुएंतेसचा 'बामोनोस कोन पांचो विया' घ्या. क्लासा कंपनी, खर्च सुमारे दहा लाख पेसो, सरकारने आगगाड्या आणि सैनिक पुरवले, संगीत सिल्व्हेस्त्रे रेव्हुएल्तासचं. क्रांतीतला सेनानी पांचो विया, त्याच्या फौजेत स्वखुशीने गेलेले सहा मित्र, त्यांतले पाच एकेक करून मरतात, कुणी फुशारकीपायी, कुणी देवीच्या साथीत. चित्रपट १९३६च्या अखेरीस लागला, आपटला, कंपनी बुडाली. त्याच दे फुएंतेसचा त्याच वर्षीचा 'आया एन एल रांचो ग्रांदे' गाणी आणि घोड्यांवर सगळ्या लॅटिन अमेरिकेत धो धो चालला. निर्मात्यांनी धडा काय घेतला असेल? 'सोमोस' मासिकाने १९९४ साली समीक्षकांकडून शंभर सर्वोत्तम मेक्सिकन चित्रपट निवडून घेतले, त्यात हा बुडालेला विया पहिला आला.

१९४२ला चित्रपटांना कर्ज देणारी बँक निघाली. युद्धात अमेरिकेने कच्ची फिल्म मेक्सिकोला दिली, अर्जेंटिनाची तोडली. 'मारिया कांदेलारिया' या लाटेवर आला. सरकारी पैशाला मोल होतं: हूलिओ ब्राचोचा 'ला सोम्ब्रा देल काउदियो' १९६०ला पूर्ण होऊन १९९०पर्यंत अडकून पडला, कारण त्यात सत्तेवरच्या जनरलांनी करवलेले खून होते. लांदेताने स्क्रिप्ट-गर्ल म्हणून अनेक वर्षं काढली, तीन चित्रपट केले, तिसरा १९५१चा. चौथा थेट १९९१ला. तिच्याकडे कल्पना नव्हत्या म्हणून हे झालं नाही. संकलक ग्लोरिया शोमानचं नाव तर या चर्चेत अजून आलंच नाही. 'एनामोरादा'तले ते डोळे किती वेळ मिटलेले ठेवायचे ही संकलनाची बाब आहे.

माजघर

लाल फिल्टर, 'पुएब्लेरिना'चं मानलं. तो अपवाद आहे, आणि थोर आहे.

पण खुद्द फिगेरोआचं उदाहरण तुमच्या विरोधात जातं. स्पॅनिश दिग्दर्शक लुईस बुन्युएलबरोबर त्याने सात चित्रपट केले. 'नासारिन'च्या वेळी त्याने पोपोकातेपेत्ल ज्वालामुखी आणि ढग यांची देखणी चौकट बांधली, तर बुन्युएलने कॅमेरा फिरवून साध्यासुध्या जागेकडे रोखला. आठवणींत बुन्युएलने हे स्वतःच लिहिलंय. 'लोस ओल्विदादोस' (१९५०) तर शहराच्या कडेची उकिरड्याची जागा, अर्धवट बांधलेल्या इमारतीचे सांगाडे, पोरांच्या हातात दगड. मेक्सिको सिटीत तो मोजके दिवस टिकला, देशाची बदनामी म्हणून लोक खवळले. १९५१ला कानमध्ये दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळाल्यावर परत लागला आणि चालला. आभाळ काढून घेतल्यावर फिगेरोआचं काम अधिक धारदार झालं असं मी म्हणतो.

लाल फिल्टर

उलट बोलताय. जो माणूस एका दिग्दर्शकासाठी ढग बांधतो आणि दुसऱ्यासाठी भरदुपारचा रखरखीत प्रकाश तसाच ठेवतो, त्याच्या हाताची ती ताकद आहे. 'सालोन मेहिको'त (१९४९) आभाळ नाहीच, रात्रीचा नाचाचा अड्डा आणि जिने आहेत, आणि तो फर्नांडेसचाच.

त्यातला पोलीस लुपे म्हणजे मिगेल इन्क्लान, तो एकदा नीट पाहा. 'मारिया कांदेलारिया'त डुकरावर गोळी झाडणारा तोच. 'नोसोत्रोस लोस पोब्रेस'मध्ये गांजेकस सावत्र बाप तोच, 'लोस ओल्विदादोस'मधला दुष्ट आंधळा भिकारी तोच. इथे मात्र नाचणाऱ्या मेर्सेदेसवर काही न मागता जीव टाकणारा. त्याच खडबडीत चेहऱ्यावर फिगेरोआने प्रकाश थोडा वरून आणि मऊ ठेवला की माणूस बदलतो. तुमचा गालिंदो हे संवादाने करतो, फिगेरोआ दिव्याने.

चौकट

इन्क्लानवर सहमत. 'रिओ एस्कोंदिदो'वर नाही.

वाटसरू

नव्याने पाहायचे तर प्रत कोणती आणि क्रम काय? नेटवर मिळतं ते फार काळंकुट्ट दिसतं.

निगेटिव्ह

तीन गोष्टी तपासा.

एक, चौकटीचं प्रमाण. हे चित्रपट १.३७ प्रमाणाचे, म्हणजे रुंदी उंचीच्या १.३७ पट. रुंद टीव्हीसाठी वरून-खालून कापलेल्या प्रतीत उंचीचा जवळपास २३ टक्के भाग जातो. फिगेरोआच्या बाबतीत नेमकं आभाळ आणि पाय जातात, मग त्याची रचना उगीच दाटीची वाटते. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले तर प्रत बरोबर आहे.

दोन, वेग. जुन्या युरोपीय टीव्ही प्रतीत चोवीसच्या जागी पंचवीस फ्रेम चालतात. शंभर मिनिटांचा चित्रपट शहाण्णव मिनिटांत संपतो आणि आवाज चिरका होतो. गाण्यांत लगेच कळतं.

तीन, काळोख. प्रतीवरून प्रत काढत गेलं की करड्या छटा मरतात. सोम्ब्रेरोखाली डोळे दिसत नसतील तर दोष फिगेरोआचा धरू नका. 'एनामोरादा' आणि 'लोस ओल्विदादोस' यांच्या नव्याने दुरुस्त केलेल्या प्रती आहेत, त्याच शोधा. सगळ्यांच्या मिळणार नाहीत: २४ मार्च १९८२ला मेक्सिकोच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आग लागली आणि हजारो चित्रपट जळाले.

माजघर

क्रम माझा: 'कोम्पाद्रे मेंदोसा', 'उना फामिलिया दे तांतास', 'लोस ओल्विदादोस', मग 'पुएब्लेरिना'. 'मारिया कांदेलारिया' सर्वांत शेवटी.

लाल फिल्टर

'एनामोरादा' पहिला, दुरुस्त प्रत, खोलीत पूर्ण अंधार करून. शेवटी बेआत्रिस घोड्याचं खोगीर धरून फौजेबरोबर चालू लागते, तोवर थांबा. त्यानंतर 'कोम्पाद्रे मेंदोसा' पाहिलात तर दोन्ही क्रांत्या एकमेकींशी भांडताना दिसतील. गालिंदो त्यानंतर, आणि तोही चुकवू नकाच.