मदत हवी आहे : न्यू डीलच्या काळात बेकारी नेमकी किती घटली?

नमस्कार मंडळी. अकरावी-बारावीच्या मुलांसाठी १९३० च्या दशकातली अमेरिकेतली महामंदी आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या न्यू डीलवर (मंदीवर उतारा म्हणून आखलेले कायदे आणि सरकारी योजना) टिपण तयार करतोय. बँका काही दिवस बंद ठेवण्याचा १९३३ चा आदेश, सीसीसीच्या, म्हणजे बेकार तरुणांना जंगल-जमिनीच्या कामावर ठेवणाऱ्या योजनेच्या, छावण्या (पगार महिना ३० डॉलर, त्यातले २५ बहुधा थेट घरी), १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा, इथपर्यंत ठीक आहे. गाडी अडलीय ती बेकारीच्या आकड्यांवर.

अर्थतज्ज्ञ स्टॅनली लेबरगॉट यांच्या आकड्यांच्या मालिकेत १९३६ ची बेकारी साधारण १७ टक्के, तर दुसरे अर्थतज्ज्ञ मायकेल डार्बी यांच्या हिशोबात १० टक्क्यांच्या आसपास. कारण असं की डब्ल्यूपीएसारख्या सरकारी रोजगार योजनांच्या कामांवर रस्ते, शाळा बांधणाऱ्यांना लेबरगॉट बेकारच धरतात, डार्बी नोकरीत धरतात. मला डार्बी पटतात. दिवसभर फावडं मारून पगार घेणाऱ्याला बेकार कसं म्हणायचं? पण खासगी उद्योग सावरला का, हे बघायचं तर लेबरगॉटच सोयीचे. तक्त्यात कोणती मालिका द्यावी? की दोन्ही द्याव्यात? मुलं गोंधळतील अशी धास्ती आहे.

दुसरं, कापसाचं क्षेत्र घटवण्यासाठी एएए या शेतीविषयक कायद्याखाली दिलेला पैसा बराचसा जमीनमालकांकडे राहिला आणि अमेरिकेच्या दक्षिणेतली अनेक वाटेकरी कुळं, त्यात कृष्णवर्णीय पुष्कळ, जमिनीवरून हटवली गेली. यावर मराठीत वाचनीय काही आहे का? इंग्रजी असलं तरी चालेल, फक्त फार गणिती नको. आपल्या रोजगार हमीशी तुलना करणारं कुणी काही लिहिलं असेल तर तेही जरूर सुचवा.