बालहक्क आयोग बंद करा म्हणणाऱ्यांना उत्तर

रानवाट :
‘बालहक्क आयोग म्हणजे पांढरा हत्ती, तो बंद करून पैसा पोलिसांकडे वळवावा,’ असे स्पष्टवक्ता यांनी काल लिहिले आणि त्याला अनेकांनी मान डोलावली, म्हणून हे सविस्तर उत्तर. २००५च्या कायद्याने आयोगाला चौकशीपुरते दिवाणी न्यायालयाचे अधिकार दिले आहेत. तो साक्षीदारांना बोलावू शकतो, कागदपत्रे मागवू शकतो आणि वेळ पडल्यास उच्च न्यायालयातही जाऊ शकतो. पोलीस बहुधा गुन्हा घडल्यावर येतात. बालगृहात मुले कोंबून ठेवली आहेत का, शाळेने एखाद्या मुलाचा प्रवेश का नाकारला, हे त्या त्या खात्याला विचारणारे खात्याबाहेरचे कोणीतरी हवेच. दुखणे निराळे आहे. अध्यक्षांची मुदत तीन वर्षांची असते, म्हणजे ती कधी संपणार हे नेमणुकीच्या दिवशीच ठाऊक असते. तरीही पुढची नेमणूक रेंगाळते आणि खुर्ची रिकामी राहते. संपूर्णा बेहुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८मध्ये रिक्त पदे भरण्यास बजावले होते. जी संस्था पुरी भरलीच जात नाही, तिला निकामी ठरवणे हा कुठला न्याय?

स्पष्टवक्ता :
आयोगाची शिफारस बंधनकारकच नसेल, तर त्या दिवाणी अधिकारांचे करायचे काय? माझ्या भाचीला शुल्क थकले म्हणून वर्गाबाहेर बसवत असत. आम्ही आयोगाकडे तक्रार केली, शाळेला नोटीस गेली, शाळेने खुलासा पाठवला आणि तोवर तिचे वर्ष संपत आले. अखेर गटशिक्षणाधिकाऱ्यांनी मुख्याध्यापकांना बोलावून घेतले आणि प्रश्न त्याच दिवशी सुटला. अधिकार जिथे आहे तिथेच माणसे वाढवा, एवढेच माझे म्हणणे आहे.

सह्यकडा :
आयोगाचे राहू द्या; १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनचे काय झाले ते कोणीच का बोलत नाही? १९९६मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या उपक्रमातून उभी राहिलेली ही सेवा २०२३मध्ये शासनाने स्वयंसेवी संस्थांकडून काढून घेतली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली. मी त्या सेवेत काम केले आहे. मूल पहिल्या फोनमध्ये बहुधा काहीच सांगत नाही, नुसता श्वास ऐकू येतो. मग ते फोन ठेवते आणि पुन्हा करते. अशा वेळी न कंटाळता वाट पाहणे हे शिकावे लागते, आणि आग, अपघात, मारामारी हाताळणाऱ्या यंत्रणेला तेवढी उसंत नसते.

सरळरेघ :
सह्यकडा, जुन्या व्यवस्थेचे एवढे गोडवे गाऊ नका. मी शिक्षक आहे. आठवीतल्या एका विद्यार्थिनीचे लग्न ठरल्याचे कळताच मी १०९८वर कळवले. संस्थेचा कार्यकर्ता आला, पण त्याच्या हाती अधिकार काहीच नव्हता. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून जबाबदारी असलेले ग्रामसेवक रजेवर होते. गावकऱ्यांनी कार्यकर्त्याला मांडवातून हुसकावले आणि पोलीस आले तेव्हाच लग्न थांबले. शासनाची सेवा शासनानेच चालवावी.

सह्यकडा :
आणि पोलिसांना कोणी आणले? ज्याला आपण अधिकारशून्य म्हणता, तोच माणूस हुसकावला गेल्यावर ठाण्यात जाऊन बसला असणार. आमची निम्मी नोकरी अशीच गेली. लग्न थांबले इथेच आपली गोष्ट संपते. मुलीचे पुढे काय झाले, याची चौकशी तरी केलीत का?

सरळरेघ :
हा आरोप मागे घ्या. ती मुलगी माझ्याच शाळेतून दहावी झाली. ठाण्यात तोच कार्यकर्ता गेला होता, हे मात्र खरे आहे. पुढचेही ऐका : तिला बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे, न्यायचे होते, पण आमच्या समितीत सदस्यच पुरे नव्हते आणि कार्यभार शेजारच्या जिल्ह्याकडे होता. भेदरलेल्या मुलीला घेऊन एसटीने तिकडे जावे लागले. रिक्त पदांबद्दल रानवाट जे म्हणतात, ते एवढ्यापुरते मला मान्य करावेच लागेल.

रानवाट :
‘एवढ्यापुरते’ कसे? सारा प्रश्न तोच आहे. बाल न्याय कायद्यानुसार या समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, महिन्यातून किमान वीस दिवस बैठक व्हावी लागते आणि मुलाला चोवीस तासांत समितीपुढे हजर करावे लागते. हेल्पलाइन कोणीही चालवो, तिने सोडवलेले मूल अखेर याच दारात येते. स्पष्टवक्ता, शिफारस बंधनकारक नाही हे खरे. पण आयोगाच्या अहवालासोबत, कोणती शिफारस का नाकारली याची कारणे शासनाने विधिमंडळापुढे मांडावीत, असे आयोगाच्या २००५च्या कायद्यातच आहे. तुमच्या आमदारांनी ती कारणे कधी मागितली का, हे आधी त्यांना विचारा.

स्पष्टवक्ता :
विचारतो. ती कारणे दरवर्षी वेळेवर मांडली जातात आणि नेमणुका मुदत संपण्याआधी होतात, असे दिसले तर आयोग बंद करण्याची मागणी मी सोडून देईन. तोवर नाही.