डेस्कटॉपवरच्या बुकमार्क अ‍ॅपची मांडणी: तुम्ही काय काय बदललंत?

पानखूण:
नमस्कार मंडळी. मी भाषांतराचं काम करते. सात-आठ वर्षांत साडेतीन हजारांवर बुकमार्क जमलेत. शब्दकोश, परिभाषेची पानं, संदर्भाचे लेख, शिवाय अक्षरांचे नमुने (ती माझी आवड). सध्याच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक बुकमार्कचं भलंमोठं चित्र दिसतं, त्यामुळे पडद्यावर एका वेळी जेमतेम सहा मावतात. त्यातही निम्म्या चित्रांत नुसता साइटचा लोगो. ओळी दाट केल्या तर मराठी शीर्षकांचे उकार खालून कापले जातात, ‘गुण’ आणि ‘गण’ सारखेच दिसतात. दिवसभर यातच काम असल्यामुळे डोळे शिणतात. अ‍ॅप बदलायचीही तयारी आहे. काय सुचवाल?

कोरी पाटी:
आधी एक सांगा, जुनं पान शोधताना तुम्हाला काय आठवतं, चित्र की नाव? माझ्या मते सगळी मांडणी यावर ठरते. शब्दकोशाचं पान कुणी चित्रावरून शोधत नाही. अक्षरांचे नमुने मात्र चित्रावरूनच सापडतात. म्हणजे सगळ्या संग्रहाला एकच मांडणी लावली की कुठेतरी अडणारच.

यासाठी मी रेनड्रॉप हे बुकमार्क अ‍ॅप सुचवेन. त्यात मांडणीचे यादी, कार्ड, मथळे आणि मूडबोर्ड (नुसती चित्रं शेजारीशेजारी) असे चार प्रकार आहेत आणि प्रत्येक कलेक्शनला, म्हणजे बुकमार्कांच्या फोल्डरला, वेगळा प्रकार ठेवता येतो. माझ्याकडे संदर्भांना ‘मथळे’ आहे, एक बुकमार्क एक ओळ. चित्रांच्या कलेक्शनला मूडबोर्ड. त्याच मेनूत चित्र, वर्णन, टॅग यांतलं काय दिसावं तेही निवडता येतं. मी वर्णन पहिल्या दिवशीच बंद केलं. साइटवाल्यांनी लिहिलेलं ते वाक्य मला कधी उपयोगी पडलं नाही. चित्राचा आकार सरकपट्टीने लहानमोठा होतो. कलेक्शनला स्वतःचं चिन्हही देता येतं, ते जरूर द्या. डावीकडच्या पट्टीत नजर आधी चिन्हावर जाते.

खटपट्या:
फायरफॉक्स वापरत असाल तर वेगळं अ‍ॅप लागेलच असं नाही. कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबलं की लायब्ररी उघडते. तिथे ‘व्ह्यूज’मधून हवे ते स्तंभ दाखवता येतात. ‘व्हिजिट काउंट’ (पान किती वेळा उघडलं) लावून पाहाच. मी लावला तेव्हा माझे कितीतरी बुकमार्क ठेवल्यापासून एकदाही उघडलेले नव्हते. ते काढले आणि मग मांडणीकडे वळलो.

बुकमार्क पट्टीवर रोजच्या साइटचं नाव पुसून टाका, नुसतं चिन्ह उरतं. जिथे चारच मावत होते तिथे पंधरा बसतात. गट पाडायला मध्ये विभाजक टाका.

आता उकारांचं. देवनागरीला रोमनपेक्षा वर-खाली जास्त जागा लागते. ओळीची उंची रोमन अक्षरांच्या मापाने बांधलेली असली की वरची वेलांटी आणि खालचा उकार कापले जातात. सेटिंग्जमधला फॉन्ट बदलून उपयोग नाही, तो वेबपानांपुरताच असतो. ब्राउझरच्या स्वतःच्या पट्ट्या आणि मेनू बदलायला प्रोफाइलच्या फोल्डरात ‘क्रोम’ (chrome) नावाचा फोल्डर करून त्यात ‘यूझरक्रोम’ (userChrome.css) नावाची सीएसएस फाइल, म्हणजे दिसण्याचे नियम लिहिलेली फाइल, ठेवावी लागते. २०१९ मधल्या ६९ व्या आवृत्तीपासून ही सोय मुळात बंद असते. अ‍ॅड्रेस बारमध्ये ‘अबाउट:कॉन्फिग’ (about:config) टाइप करून उघडणाऱ्या पानात ‘स्टाइलशीट्स’ (stylesheets) शोधून ती चालू करा आणि ब्राउझर पुन्हा सुरू करा. मी मुक्ता फॉन्ट आणि ओळीची किमान उंची ३२ पिक्सेल ठेवली आहे. उकार, रफार सगळं नीट दिसतं. नव्या आवृत्तीत आतली रचना बदलली की ही फाइल कधीकधी दुरुस्त करावी लागते, तेवढं लक्षात असू द्या.

निवांत:
कोरी पाटी यांना +१. काहीही हलवण्याआधी बॅकअप घ्या. बहुतेक अ‍ॅप बुकमार्क एचटीएमएल फाइलमध्ये बाहेर काढून देतात आणि तीच फाइल दुसरीकडे आत घेता येते.

पानखूण:
सगळ्यांचे मनापासून आभार. बॅकअप घेऊन रेनड्रॉपमध्ये सगळं आणलं. शब्दकोशांना मथळे, नमुन्यांना मूडबोर्ड. आता एका पडद्यावर पंचवीस-तीस शीर्षकं दिसतात. रोजच्या बारा साइट फायरफॉक्सच्या पट्टीवर नुसत्या चिन्हांनी ठेवल्या. अडचण एवढीच की त्यातले तीन शब्दकोश एकाच साइटचे, चिन्ह तेच. कोणता कोणता ते कळत नाही.

खटपट्या:
त्या तिघांना एकेक अक्षराचं नाव द्या. मराठी-इंग्रजीला ‘म’, संस्कृतला ‘सं’, असं. शिवाय अ‍ॅड्रेस बारमध्ये तारांकन, मग मोकळी जागा आणि पुढे शब्द टाइप केला की फक्त बुकमार्कमध्ये शोध होतो. मी पट्टीकडे हल्ली क्वचितच पाहतो.

पानखूण:
‘म’, ‘सं’ आणि ‘हिं’ केलं. अनुस्वार पूर्ण दिसतोय!