चांगलं हॉटेल शोधायचं कसं? (राहायचं नाही, खायचं)

बी-२०३ ताई: नमस्कार सोसायटीतल्या सगळ्यांना 🙏 पुढच्या आठवड्यात आम्ही फिरायला चाललोय, जागा एकदम नवीन, ओळखीपाळखीचं कोणी नाही. राहायचं बुकिंग झालंय, डोकेदुखी आहे ती खाण्याची. मागच्या ट्रिपला ४.८ रेटिंगवालं हॉटेल अगदी भंगार निघालं, मुलांनी तोंड वाकडं केलं आणि सासूबाई तर नुसत्या पाण्यावर उठल्या. तुम्ही लोक नवीन ठिकाणी चांगलं हॉटेल शोधता कसं?

सी-१०२: ताई ते ४.८ किती जणांनी दिलेलं होतं?

बी-२०३ ताई: नाही रे बघितलं, थोडेच असतील

सी-१०२: तिथेच गोम आहे. मोजक्या लोकांचं ४.८ म्हणजे मालकाचा मेहुणा, मेहुण्याचे मित्र आणि मित्रांची ऑफिसातली मंडळी. हजारो लोकांनी मिळून दिलेलं ४.२ त्यापेक्षा कधीही भरवशाचं. आणि मी तर तो आकडा बघून थांबतच नाही, आधी रिव्ह्यू 'नवीन आधी' असे लावून घेतो कारण आचारी सोडून गेला की हॉटेल बदलतं पण जुने स्टार तसेच चिकटून राहतात. मग तीन स्टारवाले वाचायचे. पाचवाला नुसतं सुपर म्हणून मोकळा होतो, एकवाला बहुतेक पार्किंगवरून भांडलेला असतो, तीनवाला माणूस मात्र नीट सांगतो की हे बरं होतं, ते कच्चं होतं, वाढायला उशीर केला. फोटो पण हॉटेलवाल्याने टाकलेले नाही बघायचे, गिऱ्हाइकांनी टाकलेले बघायचे. त्यात मेन्यूकार्डाचा फोटो सापडतो, दर आधीच कळतात.

ए-३०४ काकू: एवढा अभ्यास होईपर्यंत भूक मरते रे बाबा

सी-१०२: काकू अभ्यास आदल्या रात्री करायचा 😄 दोन-तीन जागा मॅपवर सेव्ह करून ठेवायच्या आणि त्या भागाचा मॅप ऑफलाइन डाउनलोड करायचा. भूक लागल्यावर शोधायला बसलं की माणूस समोर दिसेल त्यात शिरतो.

ए-५०१ काका: रेटिंगवरून आठवलं. २०१७ साली लंडनमध्ये उबाह बटलर नावाच्या पत्रकाराने स्वतः राहत होता ती बागेतली शेड 'द शेड अॅट डलिच' या नावाने ट्रिपअॅडव्हायझर या रिव्ह्यूच्या साइटवर रेस्टॉरंट म्हणून टाकली. हॉटेल नाही, आचारी नाही, फक्त मित्रांना सांगून लिहून घेतलेले खोटे रिव्ह्यू. पदार्थांचे फोटो काढले ते शेव्हिंग फोम आणि ब्लीचच्या गोळ्या वगैरे वापरून. फोन आला की टेबल शिल्लक नाही म्हणायचं. झालं, टेबल मिळत नाही म्हटल्यावर लोकांची ओढ आणखी वाढली आणि नोव्हेंबरमध्ये ती शेड लंडनमधलं एक नंबरचं रेस्टॉरंट झाली. अस्तित्वातच नसलेलं!

बी-४०४: काय सांगता काका 😳

डी-१०१: माझी लाइन हॉटेलची आहे म्हणून बोलतो. काकांचं बरोबर आहे पण ही अगदी टोकाची गोष्ट झाली. रोजचा खेळ साधा असतो, बिल देताना वेटर हळूच म्हणतो सर एक पाच स्टार टाका ना, माणूस समोर उभा असतो मग आपण टाकतो. मालकाचं पण समजून घ्या. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकल लुका यांचा २०११ चा अभ्यास आहे येल्प या रिव्ह्यूच्या साइटवरच्या रेटिंगवर, एक स्टार वाढला तर उत्पन्नात ५ ते ९ टक्के फरक पडतो असं निघालं, आणि तो फरक एकट्यादुकट्या हॉटेलांना पडतो, मोठ्या साखळीवाल्यांना नाही. म्हणजे छोट्या माणसाचा जीव त्या स्टारात अडकलेला असतो, तो मागणारच.

बी-२०३ ताई: मग दादा तुम्ही स्वतः बाहेरगावी गेल्यावर काय बघता ते सांगा ना

डी-१०१: सांगतो, मोठं होईल जरा.

आधी मेन्यूकार्ड. पंधरा पानांचं कार्ड आणि आत दोन माणसं काम करतायत म्हणजे समजायचं की फ्रीजर भरलेला आहे आणि एकाच तयार ग्रेव्हीतून दहा नावं निघणार. ज्याचं कार्ड छोटं तो तेच तेच रोज करतो, हात बसलेला असतो, माल पण रोज संपतो.

दुसरं, आजूबाजूच्या टेबलांवर काय आहे ते बघा. चार टेबलांवर एकच गोष्ट दिसली तर डोळे मिटून तीच मागवा, उगाच कोपऱ्यातलं काहीतरी काढू नका. जी गोष्ट दिवसातून एकदाच ऑर्डर होते तिचा माल किती दिवसांचा असेल विचार करा.

तिसरं वेळ. लोक म्हणतात गर्दी बघून जा, बरोबर आहे, पण गर्दीत जाऊ नका, गर्दीच्या अर्धा तास आधी जा. ऐन रशमध्ये केओटीची (किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्यांची) माळ लागलेली असते, तेव्हा आचारी चव बघत नाही, फक्त ताटं ढकलतो. आणि एकदम शेवटी पण जाऊ नका. मॅपवर हॉटेल बंद व्हायची वेळ दिसते, किचन त्याच्या आधीच बंद होतं. शेवटच्या वीस मिनिटांत गेलात तर गॅस पुसून झालेला असतो आणि मिळतं ते उरलेलं.

आणि वॉशरूम. ऑर्डर द्यायच्या आधी हात धुवायला म्हणून जाऊन या. जे गिऱ्हाइकाला दिसतं ते ज्याने घाण ठेवलंय त्याने न दिसणारं कसं ठेवलं असेल?

ए-३०४ काकू: हे शेवटचं मी पहिल्यापासून सांगतेय, आमच्या घरी माझं कोणी ऐकत नाही

बी-४०४: आणि बुफे? आमच्या ह्यांना बुफे दिसला की राहवत नाही

डी-१०१: बुफे वाईट नसतो, पण भांड्याखालचा दिवा चालू आहे का आणि झाकण उघडल्यावर वाफ येते का ते बघायचं. जागतिक आरोग्य संघटनेचं साधं म्हणणं आहे, गरम अन्न ६० अंशाच्या वर राहिलं पाहिजे, थंड ५ च्या खाली, आणि शिजवलेलं नुसतं बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. मधल्या तापमानात जंतू भराभर वाढतात. त्यामुळे बुफेला सुरुवातीला जा, तळाशी खरवडायची वेळ आल्यावर नको. सासूबाई आणि मुलं बरोबर आहेत तर ताई हे खरंच पाळा, तुम्हाला आम्हाला पचतं ते त्यांना पचेलच असं नाही.

सेक्रेटरी: चर्चा छान चाललीय, फक्त मध्येच आठवण, उद्या सकाळी टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवा. चालू द्या 🙏

ए-३०४ काकू: माझं ऐका, माणसांना विचारणं सगळ्यात बरं. फक्त रिसेप्शनवर विचारू नका, काही ठिकाणी तिथल्या माणसाला कमिशन असतं. आणि प्रश्न नीट विचारायचा. 'इथे चांगलं हॉटेल कुठलं' असं विचारलं की समोरचा आपल्याला पाहुणे समजून सगळ्यात चकचकीत जागा सांगतो, जिथे तो स्वतः वर्षात एकदा जात असेल नसेल. मी विचारते, तुम्ही स्वतः काल दुपारी कुठे जेवलात? मग तो जरा विचार करतो आणि हसून खरं सांगतो. दुकानदार, बँकेबाहेरचा वॉचमन, शाळेसमोरचे रिक्षावाले, ज्यांना रोज त्याच भागात जेवावं लागतं त्यांना विचारायचं.

सी-१०२: काकू कडक 👌 हा प्रश्न मी ढापणार

ए-५०१ काका: काकू म्हणतात त्याच्यामागे साधं गणित आहे. पर्यटनस्थळाच्या दाराशी जे हॉटेल आहे त्याला ठाऊक आहे की हे गिऱ्हाईक परत येणार नाही. चांगलं दिलं तरी नाही, वाईट दिलं तरी नाही. त्याचा धंदा जागेवर चालतो, चवीवर नाही. तिथून तीन-चार गल्ल्या आत गेलं की जो बसलाय त्याच्याकडे तीच माणसं परवा परत येणार असतात, त्याला वाईट देऊन चालत नाही. म्हणून दारात उभं राहून या या करणारा माणूस, पाच भाषांमधलं कार्ड आणि भिंतीवर पदार्थांचे रंग उडालेले फोटो दिसले की मी पुढे चालायला लागतो. सरसकट सगळे वाईट असतात असं नाही, पण आपण जुगार कशाला खेळायचा.

बी-४०४: माझा वेगळाच प्रश्न असतो, धाकट्याला अॅलर्जी आहे. मी त्या त्या ठिकाणच्या भाषेत एक वाक्य भाषांतर करून त्याचा स्क्रीनशॉट ठेवते आणि वेटरला नाही, कॅप्टनला (वेटरांच्या वरच्या माणसाला) दाखवते, आत जाऊन विचारून या म्हणते. नुसतं मान हलवून हो हो म्हणाला तर आम्ही उठतो. युरोपात सोपं जातं, युरोपियन युनियनमध्ये २०१४ च्या डिसेंबरपासून ठरावीक १४ अॅलर्जनची (अॅलर्जी आणणाऱ्या पदार्थांची) माहिती देणं हॉटेलांना कायद्याने सक्तीचं आहे, बाकी ठिकाणी आपलं आपण बघायचं.

बी-२०३ ताई: हे फार कामाचं आहे गं, थँक्यू. पण एक सांगा, आम्ही असं शोधून शोधून एक जागा काढतो आणि ती निघते तासाभराच्या अंतरावर. मुलं गाडीत रडायला लागतात. जावं का?

ए-५०१ काका: अगं हाच खरा प्रश्न आहे आणि मिशेलिनच्या स्टारांमध्ये त्याचं उत्तर आहे. मिशेलिन ही टायरची कंपनी. आंद्रे आणि एदुआर मिशेलिन या भावांनी १९०० साली फ्रान्समध्ये गाडीवाल्यांसाठी फुकट गाइड काढलं, पंक्चर कुठे काढून मिळेल, पेट्रोल कुठे, मुक्काम कुठे. लोक जास्त फिरले की टायर जास्त झिजणार, असा हिशोब. हॉटेलांना स्टार द्यायला १९२६ मध्ये सुरुवात केली आणि १९३१ पासून एक-दोन-तीन अशी प्रतवारी आली. आता त्यांचा अर्थ बघ. एक स्टार म्हणजे वाटेत असेल तर थांबा. दोन म्हणजे थोडी वाट वाकडी करून जा. तीन म्हणजे मुद्दाम त्याच्यासाठीच प्रवास करा. म्हणजे जेवण किती चांगलं याच्याबरोबर त्याच्यासाठी किती लांब जायचं हेही त्यात आलं. आपल्या अॅपमधल्या ४.३ ला हे अंतर कळतच नाही, ते दोन मिनिटांवरच्या आणि दोन तासांवरच्या हॉटेलला एकाच फूटपट्टीने मोजतं. तुझ्याबरोबर दोन मुलं आणि सासूबाई आहेत, तुझ्यासाठी दहा मिनिटांवरचं बऱ्यापैकी हॉटेल हे तासाभरावरच्या उत्कृष्ट हॉटेलपेक्षा वरच्या नंबरचं. मुद्दाम प्रवास करायचाच असेल तर पूर्ण ट्रिपमध्ये एकदा, दुपारी, सगळे झोप काढून ताजे असताना.

डी-१०१: काका एक नंबर बोललात. आणि मिशेलिनचे इन्स्पेक्टर ओळख न सांगता जातात आणि बिल स्वतः भरतात. आपल्याकडे रील बनवणारे काय करतात ते मी बोलत नाही 😂

सी-१०२: हा हिशोब घराजवळ पण लावायला पाहिजे राव. आपण बाहेरगावी गेल्यावर एवढं शोधतो आणि घराजवळ वर्षानुवर्षं त्याच दोन ठिकाणी जातो, मागच्या गल्लीत नवीन काय उघडलं ते डिलिव्हरीवाल्याकडून कळतं.

ए-३०४ काकू: त्यात वाईट काय आहे? घराजवळचं हॉटेल मला जगात भारी नकोच आहे. मंगळवारी रात्री ऑफिसातून सगळे दमून आलेत, स्वयंपाकाचा कंटाळा आलाय, अशा वेळी मला काय पाहिजे? चालत जाता आलं पाहिजे, बसायला लगेच जागा, चव मागच्या वेळसारखीच, आणि कमी तिखट करा म्हटलं तर कटकट न करता करून देणारा माणूस. तिथला पोरगा आम्हाला बघितल्याबरोबर कोमट पाणी आणून ठेवतो, ह्यांना गार चालत नाही हे त्याच्या लक्षात आहे. हे कुठल्या स्टारात बसवणार?

डी-१०१: काकू ह्याला आमच्यात रेग्युलर म्हणतात, आणि रेग्युलरचं ताट आतल्या माणसाला ओळखू येतं बरं का. कॅप्टन ऑर्डर देताना सांगतो, घरचे आहेत, नीट कर. बाहेरगावी पण हे थोडंफार जमतं. चार दिवस मुक्काम असेल आणि पहिल्याच दिवशी बरी जागा सापडली तर रोज नवीन शोधू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच जा. दुसऱ्यांदा आलेलं गिऱ्हाईक त्यांच्या लगेच लक्षात येतं, मग कार्डावर नसलेलं पण विचारतात, आज हे केलंय, देऊ का?

बी-२०३ ताई: हे कधी डोक्यातच आलं नव्हतं, आम्ही प्रत्येक जेवणाला नवीन जागा शोधतो म्हणून तर दमतो. सासूबाईंना पण आवडेल हे, त्यांना रोज नवीन टेबल-खुर्ची नको असते.

सी-१०२: मी असं करतो, ग्रुपसाठी एक शीट बनवतो घराजवळच्या जागांची. स्टार-बिर नाही. कॉलम तीनच ठेवू: वाटेत असेल तर, वाट वाकडी करून, आणि मुद्दाम जाण्यासारखं. समोर कशासाठी जायचं ते एका ओळीत आणि शेवटचं कधी गेलात तो महिना. जुनं झालं की काढून टाकू.

सेक्रेटरी: उत्तम. फक्त कोणी स्वतःच्या नातेवाईकाचं हॉटेल टाकलं तर तसं स्पष्ट लिहा, नंतर एजीएममध्ये (वार्षिक सभेत) विषय नको.

ए-५०१ काका: मुद्दाम जाण्यासारखं मध्ये पाचपेक्षा जास्त नावं आली तर मी विश्वास ठेवणार नाही, आधीच सांगतो.

ए-३०४ काकू: आणि जिना किती पायऱ्यांचा आहे, बाहेर किती वेळ उभं राहावं लागतं तेही लिही रे, माझ्या गुडघ्यांसाठी चौथा कॉलम कर.

सी-१०२: केला काकू 👍 लिंक टाकतो रात्री.