हातमाग गणनेत सोलापूरची चादर सापडायची नाही

वर कुणीतरी सुचवलंय की संशोधनासाठी सोलापूरच्या चादर-टॉवेल धंद्याचे आकडे २०१९-२० च्या हातमाग गणनेतून घ्या. गणना चांगलीच आहे, पण ती हातमागाची. आपल्याकडचा बहुतेक माल यंत्रमागावर निघतो, तो तिच्यात मोजलेलाच नाही.

त्यापेक्षा राज्य सरकारच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ बघा. दरवर्षीचं जिल्हावार पुस्तक, मराठीत, संकेतस्थळावर फुकट. फक्त प्रत्येक तक्त्याखालची बारीक टीप आधी वाचायची (ती कुणी वाचत नाही, हेच दुखणं). मुखपृष्ठावर वर्ष नवं असलं तरी आतली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची आणि आस्थापनांची (दुकानं, कारखाने वगैरे) संख्या २०१३ च्या सहाव्या आर्थिक गणनेची असू शकते. दोन वर्षांची पुस्तकं ताडून, दोन्हींत तोच जुना आकडा बघून ‘वाढ शून्य’ असा निष्कर्ष काढाल आणि संशोधनाचे मार्गदर्शक तिथेच पकडतील.