मोबाईल हॉटस्पॉटचा पासवर्ड कुठं दिसतो?

प्रश्न: सात रस्त्याजवळ भाड्यानं राहतो, पोरीचा अभ्यास माझ्याच हॉटस्पॉटवर चालतो आणि रोजचा दीड जीबी दुपारीच संपायलाय, शेजारच्या पोरांना मागं पासवर्ड सांगितलेला. आता बदलायचाय पण सापडंना. अँड्रॉइड आहे.

उत्तर: सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉट अँड टेदरिंग, मग वायफाय हॉटस्पॉट, तिथं पासवर्डवर दाबा, जुना पण दिसतो आणि तिथंच नवीन टाकता येतो. कमीत कमी ८ अक्षरं लागतात. मोबाईल नंबर अजिबात टाकू नका, शेजारी आधी तेच टाकून बघणार.

दुसरं उत्तर: नाहीच सापडलं तर सेटिंग्जच्या वरच्या सर्चमध्ये हॉटस्पॉट टाका. आयफोनला पर्सनल हॉटस्पॉटमध्ये असतं.

प्रश्नकर्ता: झालं बघा दादा! पोरीचा लॅपटॉप पण हॉटस्पॉटवरनं तुटला, त्यात नवीन पासवर्ड टाकला, आता एकच कनेक्टेड दिसतंय. लय आभार.