मदत हवी आहे : केनियातील माऊ माऊ लढ्याची स्मृती
केनिया १९६३ मध्ये स्वतंत्र झाला, तरी ब्रिटिशांनी आपल्या राजवटीविरुद्धच्या सशस्त्र माऊ माऊ चळवळीवर घातलेली बंदी २००३ पर्यंत उठली नाही, हे कोडे मला उलगडत नाही. १९५७ मध्ये फाशी देऊन निनावी पुरलेल्या, चळवळीचे नेते देदान किमाथी यांचा बंदूकधारी पुतळा २००७ मध्ये नैरोबीत उभा राहिला. पुढे २०१० च्या राज्यघटनेने पहिले राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा यांच्या नावाच्या ‘केन्याटा दिना’च्या जागी ‘मशुजा दिन’, म्हणजे वीरांचा दिवस, आणला (हा बदल मला केवळ नावापुरता वाटत नाही). मात्र चळवळ प्रामुख्याने किकुयू या जमातीची होती आणि तिच्याविरुद्ध ब्रिटिशांच्या बाजूने होमगार्ड म्हणून लढणारेही बहुतांशी किकुयूच होते. मग तिला साऱ्या राष्ट्राचा वारसा ठरवताना त्या होमगार्डांच्या कुटुंबांची आणि इतर जमातींची आठवण कुठे बसवली गेली? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.